युद्धाच्या काळात सरकारला काय विचारायचं, आणि कधी

सीमेवर गोळीबार सुरू झाला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागतात. एक असतो सैन्याला सलाम करणारा. दुसरा असतो, "ही वेळ प्रश्न विचारायची नाही." पहिल्याबद्दल कुणाचं दुमत नसतं. दुसऱ्यामुळे मात्र माणसं गप्प होतात. गॅसचा भाव का वाढला एवढंच कुणी विचारलं, तरी "सैनिक तिकडे प्राण देतायत आणि तुला सिलिंडरची पडलीय" असं त्याला चारचौघांत ऐकवलं जातं. मग तो मूग गिळून बसतो, आणि पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

हा लेख त्या माणसासाठी आहे. त्याचा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायचा हक्क त्याला कुणाच्या मेहरबानीने मिळालेला नाही. फक्त कुठला प्रश्न आज विचारायचा, कुठला थोडा थांबून, आणि कुणाला, हे नीट माहीत हवं. नाहीतर प्रश्न बरोबर असूनही उत्तर द्यायच्या जागी तो पोहोचतच नाही.

आधी गुपिताचं बघू. कुठली तुकडी कुठे आहे, कुठल्या तळावर किती विमानं उभी आहेत, पुढचा हल्ला कुठे होणार, शत्रूच्या हालचालींची खबर आपल्याला कुणाकडून मिळते, हे लढाई चालू असताना कुणी विचारू नये आणि सरकारने सांगूही नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये देशाच्या सुरक्षेची माहिती रोखून धरायची मुभा दिली आहे ती यासाठीच. पण त्याच कलमात पुढे असंही लिहिलंय, की माहिती लपवण्यापेक्षा ती उघड करण्यात लोकांचं हित जास्त असेल तर ती देता येते. म्हणजे 'सुरक्षा' हा शब्द उच्चारला की विषय संपला, असं खुद्द कायदाही मानत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे प्रश्न घ्या. हल्ल्याची पूर्वसूचना मिळाली होती का? मिळाली असेल तर ती कुणाच्या टेबलावर पडून राहिली? कारवाईचा निर्णय कुणी घेतला? खर्च किती झाला, तो कुठल्या करातून भरून काढणार? सीमेवरची गावं रिकामी केली, त्या लोकांना भरपाई किती आणि कधी? सरकारने हातात घेतलेले जादा अधिकार कुठल्या तारखेला सोडणार? यातल्या एकाही उत्तराने शत्रूच्या तोफेला नेम धरायला मदत होत नाही.

सोसायटीत रात्री दोन वाजता पाण्याचा पंप जळाला, तर सेक्रेटरी कोटेशन न मागवता मेकॅनिकला बोलावतो आणि कुणी आडवं येत नाही. पण वार्षिक सभेत त्याला बिल दाखवावंच लागतं. 'तेव्हा घाई होती' हे कारण तिथे चालत नाही. सरकारकडून अपेक्षा यापेक्षा वेगळी असायचं काही कारण नाही.

पैशाची दोरी

आपल्या राज्यघटनेत युद्धाआधी संसदेची परवानगी घ्या असं कुठेही लिहिलेलं नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला साधारण ६० दिवसांची मुदत घालून दिली आहे. आपल्याकडे सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आणि प्रत्यक्ष निर्णय मंत्रिमंडळाचा. पंतप्रधान आणि त्यांचे सहकारी रात्री ठरवून पहाटे कारवाई करू शकतात. माझ्या मते हे ठीकच आहे, कारण शत्रू अधिवेशनाच्या तारखा बघून येत नाही.

पण एवढा मोकळा हात दिल्यावर लगाम कुठेतरी हवा, आणि घटनेने तो पैशाला बांधून ठेवला आहे. कलम २६५ सांगतं की कायद्याशिवाय कर घेता येणार नाही. कलम ११३ आणि ११४ प्रमाणे खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे येतात आणि मंजुरीचा कायदा झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. ठरल्यापेक्षा जास्त लागला तर सरकारला पूरक मागण्या घेऊन पुन्हा सभागृहात यावं लागतं. खर्च झाल्यावर कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, हिशेब तपासतात. त्यांचे अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातात आणि त्या समितीचा अध्यक्ष १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाचा असतो. युद्धामुळे तूट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यात तीही सवलत आहे, पण का गेली हे मंत्र्यांनी संसदेत सांगायला हवं. आणि या सगळ्याच्या वर कलम ७५(३) आहे: मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार राहील. युद्धकाळ वगळून, असं त्यात म्हटलेलं नाही.

आकडाही डोळ्यांसमोर असू द्या. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले होते आणि एकूण बजेट होतं ५०.६५ लाख कोटींचं. म्हणजे सरकारच्या प्रत्येक रुपयातले साडेतेरा पैशांच्या आसपास. तो खर्च कमी करा असं मी म्हणत नाही. जवानाचे बूट, चिलखत, दारूगोळा यांत काटकसर नकोच. उलट तो पैसा जवानापर्यंत पोहोचला का, हे पाहण्यासाठीच हिशेब हवा. दुःखाची गोष्ट अशी की हे काम ज्या सभागृहाचं आहे तिथेच ते अनेकदा उरकलं जातं. मार्च २०१८ मध्ये गदारोळात लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय एका झटक्यात मंजूर केल्या. संसदेच्या भाषेत याला गिलोटिन म्हणतात. त्या वर्षी युद्ध नव्हतं, संकट नव्हतं. शांततेच्या दिवसांत हिशेब न मागायची सवय लागली की अडचणीच्या दिवसांत तो कोण मागणार?

युद्ध चालू असताना भरलेली संसद

"आजवर असं कधी झालं नाही," हे वाक्य फेकलं जातं तेव्हा १९६२ ची आठवण करून द्यावी. चीनने २० ऑक्टोबरला हल्ला केला. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा चाळिशीही न गाठलेले, छोट्या पक्षाचे राज्यसभा सदस्य. त्यांनी आणि इतरांनी संसद ताबडतोब बोलवा अशी मागणी केली. पंतप्रधान नेहरूंनी ती मान्य केली आणि ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं. चिनी फौजा तेव्हा आपल्या हद्दीत होत्या, युद्धबंदीला अजून तेरा दिवस होते. त्या काळात सरकारवर खुल्या सभागृहात टीका झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्याच्या आदल्याच दिवशी मंत्रिमंडळातून जावं लागलं होतं. मग महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपल्याकडे घरोघरी बोललं जाऊ लागलं.

हे वाक्य आपण अभिमानाने सांगतो, पण ती जागा रिकामी कशी झाली हे सांगत नाही. मंत्र्याला जाब विचारला गेला, तो गेला, म्हणून दुसरा आला. सैन्याचं मनोधैर्य जाब विचारल्याने खचलं नाही. ते खचलं होतं थंडीच्या कपड्यांवाचून आणि जुन्या रायफलींमुळे.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. बाजूने ६२ मतं पडली, विरोधात ३४७. ठराव पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सरकारला कित्येक तास बसून उत्तरं द्यावी लागली, आणि ती फक्त पराभवाबद्दल नव्हती. युद्धानंतर करांचा बोजा वाढला होता, सक्तीची बचत योजना आली होती, जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणामुळे चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली होती आणि देशभरच्या सोनारांच्या हाताचं काम गेलं होतं. युद्धाचं बिल कुणाच्या घरी पाठवलं, हा प्रश्नही त्या सभागृहात आला.

मात्र एक दार तेव्हा बंद झालं ते बंदच राहिलं. पराभवाच्या लष्करी कारणांचा अहवाल हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी तयार केला होता. चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत त्याचा गोषवारा सांगितला, पण अहवाल मांडला नाही. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी तो माहिती अधिकारात मागितला, तर २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नकार दिला. काँग्रेसच्या सरकारने दिला नाही, २०१४ मध्ये भाजपच्या सरकारनेही संसदेत नाहीच म्हटलं. त्यातला काही भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तो जगाने वाचला. इथल्या सरकारच्या दृष्टीने तो आजही गुप्त आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण कारगिलचं. लढाई २६ जुलै १९९९ ला संपली. तीनच दिवसांनी, २९ जुलैला, वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली. समितीने डिसेंबरमध्ये अहवाल पूर्ण केला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो संसदेत मांडला गेला. संवेदनशील मजकूर काढून टाकलेला होता, पण घुसखोरीचा सुगावा गुप्तचर यंत्रणांना वेळेत का लागला नाही हे त्यात होतं. त्यानंतर सरकारने मंत्रिगट नेमला, संरक्षण गुप्तचर संस्था उभी राहिली. तिन्ही दलांचा एकच प्रमुख असावा ही त्या मंत्रिगटाची शिफारस. तो नेमायला २०१९ चं वर्षअखेर उजाडलं, पण त्या बदलाचा कागद कारगिलनंतरच्या त्या चौकशीतून आला.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली तर 'नंतर विचारू' या वाक्याचं काय करायचं ते कळतं. लष्करी चुकांचा तपशील नंतर विचारावा, हे मला मान्य आहे. पण 'नंतर' म्हणजे कधी, ते आत्ताच ठरवून घ्यायला हवं. समिती कोण, मुदत किती, अहवाल संसदेत कधी. ही तीन उत्तरं मागायला युद्ध संपायची वाट बघावी लागत नाही. तारीख न घेता थांबलो तर थांबणं साठ वर्षांचं होऊ शकतं.

ठाणे जिल्ह्याला हे दूरचं वाटू नये. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं, त्यांत डोंबिवलीचे तिघे होते, शेजारच्या पनवेलचे एक. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि त्याच दिवशी नागरी संरक्षणाच्या सरावासाठी निवडलेल्या ठिकाणांच्या यादीत ठाण्याचं नाव होतं. विरोधी पक्षांनी विशेष अधिवेशन मागितलं. ते झालं नाही, चर्चा झाली ती पावसाळी अधिवेशनात, २८ जुलैपासून. जम्मू-काश्मीरचे तेव्हाचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जुलैमध्ये एका मुलाखतीत ही सुरक्षेतली चूक होती आणि जबाबदारी आपली आहे असं म्हटलं. हे म्हणायला धाडस लागतं. पण डोंबिवलीतल्या घरांना त्यापुढचंही मागायचा अधिकार आहे: हल्ला झाला त्या बैसरनच्या कुरणात त्या दुपारी बंदोबस्त का नव्हता, हे कारगिलच्या धर्तीवर तपासून लिहिलेला आणि त्यांना वाचता येईल असा अहवाल.

युद्ध संपतं, अधिकार राहतात

एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते. १९६२ च्या युद्धासाठी २६ ऑक्टोबरला आणीबाणी पुकारली. लढाई महिनाभरात थांबली. आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये. मधली पाचेक वर्षं भारत संरक्षण नियमांखाली माणसांना चौकशीविना आत टाकता येत होतं, आणि टाकलंही गेलं. ३ डिसेंबर १९७१ ला बांगलादेश युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी तर १९७७ पर्यंत चालूच होती. १९७५ ची जी आणीबाणी आपल्याला ठाऊक आहे ती तिच्यावर चढवलेली दुसरी. युद्ध मात्र दोन आठवड्यांत जिंकून झालं होतं.

म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने नियम कडक केले. आता आणीबाणीला महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागते, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते, आणि लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर ती रद्द करण्यावर खास बैठक बोलवावी लागते. ही तरतूद लोकांनी भोगलेल्या त्रासातून आली आहे. सरकार कुठलाही जादा अधिकार घेतं तेव्हा, मग ती इंटरनेटबंदी असो, जमावबंदी असो की बातम्यांवरची बंधनं, शेवटची तारीख विचारायची ती याच अनुभवावरून.

आता पेट्रोल पंपावर या

सैन्याची गुपितं एका बाजूला ठेवली तरी युद्धाचा मोठा भाग आपल्या घरात येतो तो भावांच्या रूपाने. आपण कच्च्या तेलाच्या ८५ टक्क्यांहून जास्त गरज आयातीने भागवतो. तेल महागलं की डिझेल, मग ट्रकचं भाडं, मग भाजी. वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात कच्चा माल म्हणजे पॉलिमरचा दाणा, तोही तेलातूनच येतो. ऑर्डर जुन्या भावाने घेतलेली, दाणा नव्या भावाने घ्यायचा, आणि मोठी कंपनी बिल नव्वद दिवसांनी देणार. अशा वेळी मालक आधी ओव्हरटाइम बंद करतो, मग एक पाळी.

हे सगळं रशियाने किंवा आखाताने केलं, आपले नेते काय करणार, असं वाटतं. थोडं जवळून बघू.

४ नोव्हेंबर २०२१ नंतर पंपावरचा भाव साडेचार महिने हलला नाही. दरम्यान २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चच्या सुरुवातीला कच्चं तेल पिंपामागे जवळपास १३९ डॉलरला जाऊन आलं. तरी पंपावर शांतता. १० मार्चला पाच राज्यांच्या निवडणुकांचे निकाल लागले. २२ मार्चपासून भाव चढू लागला आणि ६ एप्रिलपर्यंत लिटरमागे दहा रुपये वाढले. मुंबईत पेट्रोल १२०.५१ रुपयांवर गेलं, ठाण्यात त्याच्याच आसपास. मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क आठ रुपयांनी कमी केलं, जुलैत राज्याने व्हॅट कमी केला आणि भाव १०६ वर आला.

या कहाणीत युद्ध आहे, पण माणसांनी घेतलेले निर्णयही आहेत. सरकारला विचारलं तर उत्तर मिळतं की भाव तेल कंपन्या ठरवतात. कागदावर ते खरं आहे. पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झालं, जून २०१७ पासून भाव रोज बदलायचे ठरले. मग रोज बदलणारा भाव साडेचार महिने कुणाच्या सांगण्यावरून थांबला? आणि थांबवणं लोकांच्या हिताचं होतं, तर निकालानंतर बारा दिवसांतच ते हित का संपलं? हे विचारण्यात देशद्रोह कुठून आला?

त्याआधीचं पान उलटलं तर प्रश्न आणखी टोकदार होतो. २०२० मध्ये करोनामुळे तेल कोसळलं तेव्हा केंद्राने मार्च आणि मेमध्ये मिळून पेट्रोलवरचं शुल्क लिटरला १३ रुपये आणि डिझेलवरचं १६ रुपये वाढवलं. स्वस्ताईचा फायदा तिजोरीत गेला. सरकारलाही पैसा हवाच होता, मोफत धान्य द्यायचं होतं, महसूल आटला होता. ही बाजू मला पटते. पण मग महागाई आली तेव्हा तो साठवलेला फायदा ग्राहकाला किती परत मिळाला, याचा ताळेबंद कुणीतरी मांडायला हवा होता.

राज्याचाही हात यात आहे, आणि तो ठाणेकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या हद्दीत जून २०२४ पर्यंत पेट्रोलवर २६ टक्के आणि डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता, उरलेल्या महाराष्ट्रात २५ आणि २१ टक्के. त्या पावसाळ्यात तो सगळीकडे सारखा केला. म्हणजे कित्येक वर्षं कोपरीच्या पंपावर डिझेल भरणारा टेम्पोवाला नाशिकच्या टेम्पोवाल्यापेक्षा जास्त कर देत होता, आणि त्याला युक्रेन जबाबदार नव्हतं.

संकटासाठी लावलेला कर पुढे काय होतो, हेही बघायला हवं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. मार्च १९७३ अखेर ते बंद झालं. असं नीट संपणारं उदाहरण दुर्मिळ. पगाराच्या स्लिपवर 'पी.टी. २००' अशी ओळ असते ना, तो व्यवसाय कर १९७५ चा. दुष्काळाच्या वर्षांत सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेसाठी तो लावला होता. उद्देश उत्तम, योजना तर पुढे देशाने उचलली. पण आज कापल्या जाणाऱ्या त्या दोनशे रुपयांचं काय होतं, हे किती जणांना माहीत आहे? उपकरांचं, म्हणजे ठरावीक कामासाठी घेतलेल्या जादा करांचं, असंच. कॅगने दाखवून दिलं होतं की २०१८-१९ मध्ये केंद्राने उपकर आणि तत्सम आकारांतून सुमारे २.७५ लाख कोटी गोळा केले, त्यातले १.६४ लाख कोटीच नेमून दिलेल्या निधींत गेले. बाकीचे सर्वसाधारण तिजोरीत राहिले. ज्या कारणाने पैसा घेतला त्या कारणाला तो लागला का, या प्रश्नाला युद्ध असो वा नसो, मुहूर्त लागत नाही.

व्याजाचं थोडक्यात सांगतो, कारण घोडबंदर रोडवरच्या आणि ऐरोली-घणसोलीतल्या असंख्य घरांचं गणित त्यावर आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसा देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. वीस वर्षांचं ४० लाखांचं कर्ज ७ टक्क्यांवरून ९.५ टक्क्यांवर गेलं तर हप्ता ३१ हजारांवरून ३७ हजारांच्या वर जातो, म्हणजे महिन्याला सहा हजारांहून जास्त. कायद्याप्रमाणे महागाई सलग तीन तिमाह्या ६ टक्क्यांच्या वर राहिली तर रिझर्व्ह बँकेने त्याची कारणं आणि उपाय सरकारला लिहून द्यायचे असतात. २०२२ मध्ये तशी वेळ आली आणि बँकेने नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर आला नाही. हप्ता आम्ही भरायचा आणि कारण मात्र आम्हाला वाचता येऊ नये, हे मला अजिबात पटत नाही. त्या अहवालात तोफांची ठिकाणं नव्हती.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात अनिश्चितता वेगळ्या रूपात उतरते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, ती मे २०२४ मध्ये उठली. हे सगळं अधिसूचनांनी, रातोरात. शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू समजू शकतो. पण गाळ्यावर गोण्या तशाच पडून राहिल्या की नुकसान जुन्नर-लासलगावच्या शेतकऱ्याचं आणि पोती उचलणाऱ्या माथाडीचं होतं. किती भावापर्यंत बंदी, किती आवक झाली की उठणार, हा निकष आधी जाहीर करा, एवढी साधी मागणी दोघांनाही मिळून करता आली असती.

अशी एकजूट इथे झालेली आहे. १९७१ चा विजय ताजा होता, इंदिरा गांधी लोकप्रियतेच्या शिखरावर होत्या, आणि तेव्हाच दुष्काळ आणि महागाईने मुंबईतल्या बायका हैराण झाल्या. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट. पक्ष बाजूला ठेवून त्यांनी महागाईविरोधी समिती उभी केली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. युद्ध जिंकलंय, आता गप्प बसा, असं त्यांना कुणी म्हटलंही असेल. त्या बसल्या नाहीत.

विचारायचं कुणाला

इथे गल्लत फार होते. सीमा, सैन्य, परराष्ट्र धोरण, उत्पादन शुल्क, आयात-निर्यात हे केंद्राचं, म्हणून खासदाराला. व्हॅट, एसटीचं भाडं, रेशन दुकानातली व्यवस्था राज्याची, म्हणून आमदाराला. पाणीपट्टी, मालमत्ता कर, शहरातली आपत्कालीन तयारी महापालिकेची. त्या पातळीवर तर विचारायला माणूसच नसायची पाळी आपल्यावर आली होती. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, आणि दोन्हीकडे वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार. संकट हे निवडणूक पुढे ढकलायचं कारण ठरू शकतं, पण संकट सरल्यावरही ती होत नसेल तर त्याचं उत्तर मागायलाच हवं.

ठाणे लोकसभा मतदारसंघात ठाणे शहराबरोबर मीरा-भाईंदर, ऐरोली आणि बेलापूरही येतं. म्हणजे वाशीतला माथाडी आणि नौपाड्यातला पेन्शनर यांचा खासदार एकच. कळवा-मुंब्रा कल्याणमध्ये आणि पनवेल-खारघर मावळमध्ये मोडतं, तेव्हा पत्र पाठवण्याआधी आपला मतदारसंघ पाहून घ्या. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराने काय प्रश्न विचारले आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं हे तारखेनिशी असतं.

ठाण्याला याची एक चांगली परंपरा आहे. १९७७ मध्ये इथून निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी त्याआधी आमदार असताना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवायचे. कुणी मागितला म्हणून नव्हे, तो आपण द्यायचाच असतो म्हणून. त्यांच्या विचारांशी ज्यांचं पटत नव्हतं तेही या सवयीचा आदर करायचे. आजच्या कुठल्याही पक्षाच्या लोकप्रतिनिधीकडे तेवढं मागणं जास्त होणार नाही.

पत्र लिहिताना राग बाजूला ठेवून प्रश्न बारीक करा. 'महागाईने लोकांचं कंबरडं मोडलंय, सरकार झोपलंय का?' याला भाषणाने उत्तर देता येतं. त्याऐवजी असं लिहा: 'गेल्या आर्थिक वर्षात पेट्रोल-डिझेलवरच्या रस्ते व पायाभूत सुविधा उपकरातून किती रक्कम जमा झाली, त्यातली किती संबंधित निधीत वळवली आणि महाराष्ट्राच्या वाट्याला किती आली, हा प्रश्न आपण अर्थमंत्र्यांना विचाराल का?' याला आकडाच द्यावा लागतो, आणि मंत्र्याने सभागृहात दिलेला आकडा चुकीचा निघाला तर तो हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. खासदाराने मनावर घेतलं नाही तर तोच मजकूर माहिती अधिकारात टाका. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, उत्तर आलं नाही तर त्याच खात्याच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील.

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. बजेट अधिवेशन साधारण जानेवारी अखेरीला सुरू होतं, पावसाळी जुलैत, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. तुमचं पत्र त्याच्या महिनाभर आधी खासदारांच्या कार्यालयात पोहोचवा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि त्याखाली मजल्यावरच्या दहा-बारा शेजाऱ्यांच्या सह्या असतील असं बघा.